बाभळीच्या उतारावरची शर्यत

चाळिशीला दोन वर्षं उरली असताना मी डोंगरी सायकलींच्या शर्यतीत नाव दिलं. ठाणाकुशनूरजवळच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि शाळेत सायकलनंच जाते, पण सपाट रस्त्यानं. ही शर्यत जवळजवळ सगळी उताराची होती, बिदरच्या पठाराच्या कडेवरनं थेट खालच्या वस्तीपर्यंत.

सायकल धाकट्या भावाची. त्यानं सीट खाली करून दिली आणि बजावलं, "अक्का, फुडचा ब्रेक एकदम दाबू नको. आन् बसू नको, उभीच राहा."

सुरुवातीला मजा आली. लाल मुरूम, जांभ्याचे टप्पे, दातांपर्यंत पोचणारे हादरे. दुसऱ्या वळणावर वास आला. वाटलं, कुत्रं मेलं असेल. मग बाभळी लागल्या आणि कळलं. वाटेच्या कडेला, वाटेवरसुद्धा, माणसांची घाण होती. चाकानं ती आधी नडगीवर उडवली, मग हनुवटीवर. हनुवटी पुसायला मी एक हात सोडला, दुसऱ्यानं पुढचा ब्रेक दाबला गेला आणि मी हँडलवरून पलीकडे गेले. दोन्ही तळवे त्यातच.

"साइड! साइड!" ओरडत एकजण माझ्या पायाला चाटून गेला. थांबला नाही. मी बाभळीला धरून ओकले.

झुडपाआडून साठीची एक बाई पुढं आली. हातात पाण्याचा डबा. तिनं तो माझ्या हातांवर ओतला. पाणी कशासाठी आणलेलं, ते मला हात धुऊन झाल्यावर उमगलं.

"लागलं का गं?" तिनं विचारलं.

"न्हाई. तुमी इथं कामून उभारलाव?"

"पहाटंपसून अडवायलेत. शर्यत हाय म्हणायलेत, बायकांनी इकडं यायचं न्हाई म्हणं. सून पोटुशी हाय माझी. तिनं कुठं जावं?"

तिच्यामागं पाच-सहा बायका पदर तोंडावर घेऊन बसलेल्या. त्यांच्यापुढं वाटेवर आडवी दोरी धरून लाल टी-शर्टवाला कार्यकर्ता उभा होता.

मी सायकल हातात धरून खाली उतरले. मंडपात आयोजक भेटले. मी सगळं सांगितलं. "त्या बायकांना सोडा आधी," मी म्हणाले.

"मॅडम, तासाभराचा तर प्रश्न आहे," ते हसले. "ट्रॅक कसा वाटला ते सांगा. नॅचरल आहे ना एकदम?"

तरी त्यांनी शर्यत पुरी केल्याचं पदक पुढं केलं तेव्हा मी मान वाकवली. कुणीतरी फोटो काढला. घरी साबणानं तीनदा आंघोळ केली आणि संध्याकाळी तो फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. अभिनंदनाला सगळ्यांना हात जोडले. बाभळीखालचं कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी सगळ्यात जास्त किळस मला माझ्या त्या गप्प बसण्याचीच आली.