भुशाची भिंत आणि ताईचा उजवा कान

आमच्या घराण्यात बांधकाम शिकलेला पहिला माणूस मी, आणि म्हशीनं खाल्लेलं पहिलं घरही मीच बांधलेलं. दोन्ही मान एकाच वर्षात मिळाले.

सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. ताई आणि दाजी भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, आवारातल्या एका खोलीत राहत. दाजी लूमवर शिफ्ट करत, ताई शेडमध्ये बसून सुताच्या कांड्या भरायची. त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे एकतर ओरडायचं, नाहीतर खुणा करायच्या. दाजींना खुणांची इतकी सवय, की घरातसुद्धा चहा हवा असला की अंगठा ओठांना लावत. अशा घरात ताईचा डावा कान कधी गेला ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "उजवा अजून शाबूत आहे. या आवाजातून बाहेर पडलात तर राहील. नाहीतर तोही चालला."

खारबावच्या वाटेवर दाजींच्या वाट्याची थोडी जागा होती. तिथं दोन खोल्या बांधायच्या आणि ताईला तिथं हलवायचं, असं ठरलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. दाजींनी रात्रपाळी करून सकाळी कचेरीत रांगा लावल्या, वर्षभर हेलपाटे घातले, आणि एकदाचं परमिट आलं. ते त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं. मुदतीत माल उचलायचा, एवढंच बाकी होतं.

नेमका तेव्हाच मी डिप्लोमा घेऊन उगवलो.

मी एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत नकाशे गिरवायचो आणि जेवणाच्या सुट्टीत तिथली परदेशी मासिकं चाळायचो. तेलाचे भाव भडकले होते, आणि तिकडचे शहाणे लोक म्हणत होते की सिमेंट सोडा, जवळ मिळेल त्यात बांधा, टाकाऊ तेच वापरा. मी वाचलं आणि पेटलोच. आमच्याकडे टाकाऊ काय कमी होतं? गिरणीत भाताचा भुसा, लूममध्ये सुताचे तुकडे, आणि सायझिंगमध्ये रोज उरणारी कांजी. सुताला ताठपणा यावा म्हणून पाजतात ती. माती, भुसा, सूत आणि कांजी. बस, झाली वीट!

"दाजी, सिमेंटच्या खोलीत आवाज घुमतो," मी म्हणालो. "भुसा आवाज पिऊन टाकतो. ताईच्या कानाला भुशाचीच भिंत हवी."

दाजी देव्हाऱ्याकडे बघत राहिले. ताई म्हणाली, "अहो, शिकलाय तो. उगाच का बोलेल?"

परमिटची मुदत गेली त्या दिवशी मी साच्यातून पहिली वीट काढत होतो.

विटा पाडायला गावातला म्हातारा गवंडी घेतला होता. त्यानं वीट हातात घेतली, हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. "भाव, यात चुना घाल. न्हायतर ही ईट न्हाय, पेंड हाय."

पण चुन्याच्या भट्टीत लाकूड जळतं, आणि मला जंगलाचा एक ढलपासुद्धा जाळायचा नव्हता. मी त्याला पंधरा मिनिटं निसर्गावर व्याख्यान दिलं. ज्यानं सगळा जन्म कारवीच्या कुडांवर शेणमाती लिंपून घरं उभी केली, त्याला. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तुजी बहीन, तुजं घर. आपल्याला काय."

रोज सकाळी मी सायकलला डबे लावून सायझिंगच्या दारात उभा राहायचो. तिथं तबेलेवाल्यांची आधीच रांग असायची. कांजी, म्हणजे त्यांच्या भाषेत माँड, मर्यादित; मागणारे फार. एकदा एका भय्याशी नंबरावरून माझं भांडणच झालं.

"बाबूजी, आपकी कितनी भैंसें हैं?"

"एक भी नहीं. मैं घर बना रहा हूँ."

"माँड से?" त्यानं मागच्याला हाक मारली, "अरे सुनो, ये भूसा-माँड का घर बना रहे हैं!" मग मला विचारलं, "खिलाओगे किसको?"

रांग हसली. मीही हसलो. नव्या विचाराला लोक हसतातच, असं मासिकात लिहिलेलं होतं. हे सगळे कांजी नेतात कशाला, हा प्रश्न महिनाभर त्यांच्या रांगेत उभा राहूनही मला पडला नाही. विटेची मी प्रत्येक परीक्षा घेतली होती. उंचावरून टाकली, उन्हात ठेवली, गवंड्याला वर उभं केलं. म्हैस माझ्या अभ्यासक्रमात नव्हती.

वैशाखात ताई तिथं राहायला गेली. भिंतींना शेणमातीचा गिलावा, वर कौलं. घर दिसायचं खरंच देखणं. चौथ्या दिवशी मी गेलो तर ती चुलीपाशी उजवा कान वळवून बसलेली. म्हणाली, "आधण ऐकतेय रे. किती वर्षांत ऐकलं नव्हतं." मला त्या क्षणी वाटलं की माझा फोटो मासिकात यायला हरकत नाही.

ज्येष्ठात रानातलं गवत संपलं. एका दुपारी शेजाऱ्याची म्हैस मागच्या कोपऱ्याला अंग घासत उभी राहिली. गिलाव्याचा पापुद्रा पडला. तिनं आतली वीट चाटून बघितली. ताई आत आडवी झाली होती. तिला खरवडल्याचा आवाज आला, पण ती उठली नाही. नंतर म्हणाली, "मला वाटलं तूच आलायस, काहीतरी सुधारणा करायला."

ती बाहेर आली तोवर कोपऱ्यातून म्हशीचं डोकं आत आलेलं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी चार आल्या. आम्ही काट्यांचं कुंपण घातलं, गिलावा केला, दाजी सुट्टी टाकून काठी घेऊन बसले. पण पावसानं कुंपण मानलं नाही. उघड्या विटा पाणी पिऊन फुगल्या, घराला आंबूस वास सुटला, आणि एका सकाळी मागची भिंत आवाज न करता खाली बसली. कौलं उतरवायला तो म्हातारा गवंडी आला. कौलं नीट रचून ठेवली आणि निघून गेला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दाजी पुन्हा सिमेंटच्या कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "मागच्या वेळी उचललं नाहीत. म्हणजे गरज नव्हती." नाव यादीच्या तळाला गेलं. भिवंडीत आधीची खोलीही गेली होती. मिळाली ती त्याच आवारातली शेवटची, जिची भिंत शेडलाच लागून होती. दाजी मला कधी बोलले नाहीत. फक्त माझ्यासमोर घराचा विषय निघाला की अंगठा ओठांना लावून चहा मागत.

पुढं दोन वर्षांनी मी एका दुपारी त्यांच्याकडे बसलो होतो. तोवर मी सिमेंटच्या इमारतींचे नकाशे काढू लागलो होतो, आणि ते चांगले उभे राहत होते. ताई गावाकडचं काहीतरी मोठ्यानं सांगत होती. मध्येच वीज गेली आणि सगळे लूम थांबले. गल्लीभर माणसांनी आवाज खाली आणले, कुठंतरी कुणी खाकरलं तेही ऐकू आलं. ताई मात्र त्याच वरच्या पट्टीत बोलत राहिली. शेजारीण दारातून डोकावून गेली.

मी काही बोलणार तेवढ्यात दाजी उठले. त्यांनी ताईचा हात धरला आणि तळवा शेडच्या भिंतीला लावला. रोज थरथरणारी भिंत गप्प होती. लूम थांबल्याचं ताईला तळव्यातून कळलं. तिनं तळवा तसाच भिंतीवर ठेवला आणि उरलेलं हळू आवाजात सांगितलं.