रविवारचं पाणी

त्या गावात धबधबा रविवारी असायचा. बाकीचे सहा दिवस तिथे काळा कडा, शेवाळ आणि टिपटिप. नदी वरच्या धरणात अडवलेली, तिथून जाड पाइपातून वीजघरात नेलेली. लोकांनी फार आरडाओरडा केला म्हणून खात्याने कधीकाळी ठरवलं, रविवारी सकाळी नऊ ते एक थोडं पाणी नदीत सोडायचं. ते सोडायला एक माणूस नेमला. गाव त्याला नळवाले म्हणायचं. तोंडावर नळवाले, पाठीमागे नळ्या.

नळवाल्यांनी बावीस वर्षं धबधबा सोडला आणि बावीस वर्षांत तो एकदाही बघितला नाही.

यात नवल असं काही नव्हतं. धरणाचं दार चाक फिरवून उघडायचं, आणि ते उघडं असेपर्यंत चाकापाशी माणूस हवाच, हा नियम. खाली कुणी अडकलं, वर पाणी चढलं, तर बंद कोण करणार? धरणापासून कड्यापर्यंत पाण्याला पाऊण तास लागायचा आणि माणसाला वर चढून यायला तासभर. सुट्टी सोमवारी. सोमवारी ते पुष्कळदा कड्यापाशी जाऊन आले होते. वरचा कोणता दगड सुटायला आलाय ते त्यांना पाठ होतं. पुराच्या दिवसांत धरण भरून वाहायचं तेव्हा गेटवरून हलायची सोय नसे आणि खालची वाटही बंद असे. फोटो पाहिले होते. मेहुणीने मोबाइलवर एकदा व्हिडिओ दाखवला, तर त्यात निम्मा वेळ तिचाच चेहरा आणि मागे काहीतरी पांढरं.

सुरुवातीला बायको मुलीला घेऊन दर रविवारी जायची आणि दुपारी जेवताना सगळं सांगायची. मुलगी लग्न होऊन लांब गेली, तसं तिचं जाणं थांबलं.

"जात जा की," ते म्हणायचे. "घरात बसून काय करतेस?"

"सगळे जोडीने येतात. मी कुणाला म्हणू, बघा केवढं पाणी आलंय? बाकाला?"

मग एके दिवशी खात्याचं पत्र आलं. पाणी कमी पडतंय, पुढच्या महिन्यापासून रविवारचं पाणी बंद. चाकाला साखळी. नळवाल्यांची बदली ऑफिसच्या फाटकावर, निवृत्तीला उरलेली दोन वर्षं तिथे खुर्चीवर.

ते वाचून बायकोने बावीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "शेवटच्या रविवारी रजा काढा. एकदा माझ्याशेजारी बसून बघा. मला दुसरं काही नको."

ऑफिसातल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "आता रजा? आता तर कायमचीच मिळतेय."

"फाटकावर बसायची रजा असते होय?"

"धरणाच्या गेटवर कोण उभं राहणार?"

"माझा साडू. तुमच्याच पंपावर फिटर आहे."

साडू तयारच होता. "त्यात काय एवढं? चाकच फिरवायचंय ना? तुझ्या बायकोची बहीण मला रोज फिरवते, मी एक चाक फिरवीन." भिंतीवर कागद लावलेला होता: दार उघडणे, चाळीस फेरे. नळवाल्यांनी किल्ली दिली, ग्रीस कुठे ठेवलंय ते सांगितलं, चहाचा स्टोव्ह कसा पेटतो ते सांगितलं.

रविवारी आठला दोघं निघाली. तिच्या गुडघ्याला पट्टा बांधलेला. कॉलनी संपली, डांबर संपलं, शेळ्यांच्या वाड्यापुढे तारेचं कुंपण ओलांडायचं होतं. त्यांनी वरची तार उचलून धरली, खालच्या तारेवर बूट दिला.

"वाक."

"मला वाकता येत असतं तर पट्टा कशाला बांधला असता?"

शेवटी ती आडवी होऊन पलीकडे गेली, साडीला गवत लागलं, आणि पलीकडे उभी राहून हसली. फार दिवसांनी हसली. पुढे नदीकाठची पायवाट. नदी म्हणजे नुसते गोटे, मधूनमधून डबकी. ती दर शंभर पावलांवर थांबायची आणि थांबली की काहीतरी दाखवायची. इथे मुलगी पडली होती. इथे एकदा मुंगूस दिसलं होतं. ते म्हणायचे, हं. त्यांचं अर्धं लक्ष घड्याळात. नऊ वाजले तसे ते वाटेतच थबकले. "उघडलं असेल आता."

"उघडू दे. चला."

कड्यासमोर लोखंडी कठडा, दोन बाकं, वीस-पंचवीस माणसं. डबे उघडलेले, फोन कड्याकडे रोखलेले. बायकोने डावीकडचं बाक पकडलं, रुमालाने पुसलं, त्यांना आतल्या बाजूला बसवलं. "इथून पूर्ण दिसतं."

पावणेदहा झाले. पाच मिनिटं वर गेली. मग कड्याच्या तोंडाशी काहीतरी ओलं चमकलं, आणि पाणी आलं.

आलं म्हणजे काय, एक बारीक धार आली. मनगटाएवढी. मध्यावर दगडाला आपटून दोन झाली आणि खाली पोचेपर्यंत निम्मी उडून गेली.

लोक वाट बघत राहिले. हे वाढेल. दहा मिनिटं गेली, वाढलं नाही.

"यासाठी दीड तास चालवलंत?" एक बाई नवऱ्याला म्हणाली.

"आमच्या बाथरूमला याच्यापेक्षा जास्त येतं," कठड्यावरचा एकजण म्हणाला.

"वरचा झोपला असेल. सरकारी माणूस, शेवटचा दिवस. कशाला हात दुखवून घेईल?" दुसरा म्हणाला, आणि चारपाचजण हसले.

नळवाल्यांना तोपर्यंत सगळं कळून चुकलं होतं. चाकाचे आटे कधीचेच झिजले होते. पहिले अकरा फेरे मोकळेच जायचे, दार जागचं हलायचंसुद्धा नाही. बाराव्याला चाक जड व्हायचं, तिथून चाळीस मोजायचे, आणि खरं पाणी शेवटच्या दहाअकरा फेऱ्यांतच सुटायचं. हे कुठल्या कागदावर नव्हतं. त्यांच्या खांद्याला ठाऊक होतं. साडूला स्टोव्ह सांगितला, हे सांगायचं राहून गेलं. फोन करावा तर त्या अख्ख्या खोऱ्यात रेंज नाही.

ते उठले.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"वर. साडूने दार अर्धवटच उघडलंय."

"असू दे. बसा."

"लोक काय बोलतायत, ऐकलंस ना?"

"त्यांना काय माहीत तुम्ही कोण आहात."

"मला माहीत आहे."

तिने त्यांच्या शर्टाची बाही धरली. घट्ट नाही, नुसती चिमटीत. "अहो, मला एवढं पाणी पुरे आहे. तुम्ही बसलात ना, पुरे आहे मला."

"एवढंसं काय बघायचं? मी जातो, तासात पोचतो, बारापर्यंत पूर्ण पाणी येईल. तू बघ, इथेच थांब."

तिने बाही सोडली.

चढाची वाट त्यांनी जवळजवळ पळतच काढली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. सव्वाअकराला गेटवर पोचले तर साडू स्टुलावर पाय टाकून शब्दकोडं सोडवत बसलेला.

"तू इथे काय करतोस?"

"किती फेरे दिलेस?"

"चाळीस. मोजून. कागदावर चाळीस आहे ना?"

"पहिले अकरा मोकळे जातात."

साडूने चष्मा वर केला. "मग एक्कावन्न लिहायचं ना, शहाण्या. बावीस वर्षांत एक पेन मिळालं नाही तुला?"

पेन होतं. एकदा नवा इंजिनिअर आला होता, त्यानेही विचारलं होतं, कागद बदलायचा का? नळवाले म्हणाले होते, राहू द्या साहेब, मी आहे ना. हे आपल्यालाच जमतं, याची त्यांना फार गोडी होती.

त्यांनी अकरा फेरे दिले. खाली पाण्याचा आवाज बदलला, भिंत थरथरली, आणि पांढरा लोंढा गोट्यांवरून वळणाआड गेला.

"जा आता," साडू म्हणाला. "उतार आहे, पाण्याच्या बरोबरीने खाली पोचशील. बायको वाट बघत असेल. मी करतो बंद."

"तू बंद कसं करणार? उलटं फिरवताना शेवटी चाक झटका देतं. मनगट जाईल."

"माझं मनगट आहे, मी बघतो. तू जा रे."

ते दारापर्यंत गेले. तिथून नदीचं वळण दिसत होतं, पाणी केव्हाच पुढे गेलं होतं. गेलो असतो तर कुठवर पोचलो असतो, याचा हिशेब त्यांचा आपोआप सुरू झाला. मग ते परत फिरले आणि चाकावर हात ठेवून उभे राहिले. कुणी न सांगता. साडूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कोड्याकडे, आणि पुढचा शब्द भरायला घेतला. एक वाजता त्यांनी स्वतः दार बंद केलं.

घरी पोचायला अडीच झाले. बायको पलंगावर पाय लांब करून बसली होती. पट्टा सोडून ठेवलेला, गुडघा सुजून टम्म. स्वयंपाक झाकलेला.

"त्याच वाटेने आलीस का? तारेपाशी कोणी मदत केली?"

"कोणी नाही. सरपटत आले."

ते हात धुवून ताटावर बसले. झाकण काढलं, पुन्हा ठेवलं. "आलं ना पूर्ण? बाराला आलं असेल."

"मी नव्हते."

"म्हणजे?"

"तुम्ही वळणाआड गेलात, तशीच मी निघाले."

"अगं, पण मी तुझ्यासाठीच तर वर गेलो होतो."

तिने गुडघ्यावर ओला फडका ठेवला, त्याची घडी नीट केली. "जेवा," ती म्हणाली. "निवलंय सगळं. गरम करायला मी काही आता उठत नाही."