गव्हाविना लंडन

आमच्या पिंपरीच्या कारखान्यातले एक साहेब ट्रेनिंगसाठी सहा महिने लंडनला राहून आले. गहू त्यांना सोसत नाही, असं इंग्रजी कार्ड तिथल्या डॉक्टरने लिहून दिलेलं. ते हॉटेलाहॉटेलांत दाखवून, उकडलेल्या बटाट्यांवर दिवस कसे काढले, हे ते रोज कॅन्टीनमध्ये वनवास भोगल्यासारखं सांगत. आम्ही माना डोलवायचो. साहेबच ते!

एकदा शेजारी पिंपरीजवळच्याच माण गावचा एक कामगार बाजरीची भाकरी कुस्करत होता. साहेबांनी त्याच्यापुढेही कार्ड धरलं. "सहा महिने गव्हाचा कण नाही!"

"आमच्यात गहू निस्ता सणाला, सायेब," तो म्हणाला.

साहेबांनी कार्ड जपून खिशात ठेवलं. "मग तुला लंडन जड जाणार नाही."