रंगनाथरावांचे एन्झाइम

मखमलाबादला आमच्या शेजारी रंगनाथराव राहतात. जनावरांच्या दवाखान्यातून शिपाई म्हणून निवृत्त झाले, पण बोलणं मोठ्या डॉक्टरचं. गावात पैदाशीचा बोकड त्यांच्याकडेच, आणि तोरा बोकडापेक्षा मालकाला जास्त.

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेतून ज्या जादा फुटी काढतात, त्या हे बोकडाला भाराभर घालतात. सगळ्या औषध मारलेल्या. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "वहिनी, नराच्या बीजनळीत एन्झाइम असतात. विष आलं की पकडून निकामी करतात. माणसात, बैलात, बोकडात, सगळीकडे. तुम्ही भाजी निवडा."

निवडली. कान मोकळेच होते.

यंदा गावातल्या भिमाबाईच्या चार शेळ्या दोनदा बोकड दाखवूनही गाभण राहिल्या नाहीत. रंगनाथरावांनी पारावर बसून जाहीर केलं, शेळ्या वांझ आहेत. वांझ शेळीला गिऱ्हाईक एकच, खाटीक. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या दारात.

भिमाबाई चारी शेळ्या हाकत तडक रंगनाथरावांकडे आली.

"मागल्या साली ह्या चारी व्याल्या. तुमचा बोकड तपासा."

"माझ्या बोकडाला काय धाड भरलीये? खोट तुझ्याच जनावरात."

"मंग डॉक्टरला का भेता?"

फोन मी लावला. शेजारधर्म म्हणून.

डॉक्टरांनी बोकडाचं वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघितलं. "बीज जवळजवळ हलतच नाही. एन्झाइम असतात, रंगनाथराव, ते खरं. पण विष निकामी करायला त्यांना शरीरातल्या एका द्रव्याचा साठा लागतो, तो खर्च होतो. तुम्ही रोजच विष चारलंत तर भरून कधी यायचा? बहुतेक हेच कारण. फुटी बंद करा, दोन महिन्यांनी पुन्हा बघू."

"आता हे पारावर सांगा," भिमाबाई म्हणाली. "वांझ म्हणला तेवढ्याच आवाजात."

नाइलाजानं गेले. मीही गेले, एवढं कोण चुकवतं? पंधरा माणसांपुढे रंगनाथराव जमिनीकडे बघत म्हणाले, "शेळ्या ठीक आहेत. दोष बोकडात आहे."

खाटीक तिथेच चहा पीत होता. कप खाली ठेवून त्यानं विचारलं, "मग बोकड देता का?"

रंगनाथरावांनी त्याला काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. भिमाबाई ऐकायलाही थांबली नाही. शेळ्या माजावर होत्या, आणि शेजारच्या गावातल्या कोंडाजीचा बोकड दोन कोसांवर होता.