मागांखालची लाईन

लग्न होऊन मी भिवंडीत आले तेव्हा सासरच्या नळाला तांबडं पाणी यायचं. सकाळी तासभर पाणी सुटायचं आणि पहिल्या धारेबरोबर गंजाचे कपटे हंड्यात पडायचे. सासूबाई हंड्याच्या तोंडाला जुन्या पातळाचा तुकडा बांधायच्या. थोड्याच दिवसांत तो तुकडा विटकरी व्हायचा, मग दुसरा. घरातले पाइप मामंजींच्या वडिलांच्या वेळचे होते. माझे सासरे म्हणजे मामंजी त्यावर विचार करत बसायचे, कारण सगळे एकदम बदलण्याची आमची ऐपत नव्हती.

शेवटी त्यांनी ठरवलं, काम तुकड्यातुकड्यानं करायचं. आधी स्वयंपाकघर, मग न्हाणी, आणि रस्त्यापासून घरात येणारी जमिनीखालची लाईन सगळ्यात शेवटी. ती शेवटी ठेवायला कारणही तसंच होतं. ती लाईन पुढच्या खोलीखालून यायची आणि त्या खोलीत आमचे चार यंत्रमाग फरशीत बोल्टांनी पक्के बसवलेले होते. फरशी उकरायची तर माग उचलायला हवेत. दोन पाळ्यांत माग चालायचे, एका पाळीला माझा नवरा स्वतः उभा राहायचा. खडखडाट थांबला की घरात चूल पेटायची पंचाईत, असे ते दिवस होते. सूत वेळेवर मिळत नव्हतं, वीज जायची. तरी मिळेल तेवढा वेळ माग चालू ठेवायचे, हेच सगळ्यांच्या डोक्यात.

पहिला टप्पा दिवाळीच्या आधी झाला. प्लंबरनं पाइपाला आटे पाडले, सुतळी गुंडाळून सफेदा लावला आणि नवी चकचकीत तोटी बसवली. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं ते पहिल्या धारेला जरा तांबूस आणि मग काचेसारखं. मामंजींनी पेल्यात घेऊन ते उजेडात धरलं. सासूबाईंना म्हणाले, आता फडकं नको बांधू. त्यांनी खरंच सोडून दिलं. न्हाणीचं काम होळीच्या सुमाराला झालं, आणि मग घरात पाइपांचा विषय निघेनासा झाला. पाणी साफ दिसत होतं. कधी कधी पहिल्या धारेला वास यायचा, गटारासारखा. ती बादली आम्ही फरशी पुसायला ठेवायचो. आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच घरी असंच करायचे.

त्या पावसाळ्यात माझी धाकटी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ती पडघ्याच्या बाजूला दिली होती. घरी शेती आणि अंगणात विहीर. तिचा नवरा म्हणत होता, इथंच राहू दे, माझी आई करेल सगळं. पण सासूबाईंनी हट्ट धरला. आठव्या महिन्यात पोरीनं रहाट ओढायचा का, आमच्याकडे नळ घरात आहे, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. नणंद आली आणि न्हाणीत पाट घेऊन तोटीखाली बसायला तिला फार आवडायचं. माझ्यापेक्षा वर्षानंच लहान. मागांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, म्हणून दुपारी आम्ही मागच्या दाराशी बसून बाळंतविडा शिवायचो आणि कानाशी तोंड नेऊन बोलायचो.

पंधरवडा गेला असेल. तिला मळमळायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, दिवस भरत आले की होतं असं. मग कणकण आली, अन्न नकोसं झालं. एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं तर डोळे हळदीसारखे पिवळे. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी तिची नखं बघितली आणि तिथंच खाली बसल्या.

जवळच्या कोन गावात एक जण काविळीचं औषध देत असे. माझा नवरा पाळी सोडून तिकडे गेला, पाल्याचा रस आणि गळ्यात घालायची माळ घेऊन आला. गल्लीत आणखी दोघांना कावीळ होती आणि ते याच औषधानं बरे होत होते, असं सांगत होते. ते बरे झालेही. नणंद मात्र असंबद्ध बोलायला लागली. तेव्हा टॅक्सी करून तिला ठाण्याला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता. मामंजी म्हणाले, नळाचं. अगदी ठामपणे म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, उकळून पिता का, आणि लाईन कशी आहे, गटारापासून लांब आहे का. मामंजींनी उकळत नाही एवढंच सांगितलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. डॉक्टर म्हणाले, गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट. नक्की कशानं झाली ते त्यांनी सांगितलं नाही, पुढंही कुणी सांगितलं नाही. मूल पोटातच गेलं. त्यानंतर तीही गेली, आम्हाला कुणालाच न ओळखता.

घरात सुतक होतं, माग बंद होते. इतकी वर्षं त्या आवाजात राहिलेल्या घरात भांडं ठेवलं तरी दचकायला व्हायचं. आणि दहावा झाल्यावर मामंजींनी प्लंबरला बोलावलं. सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. नवरा म्हणाला, बाबा, आत्ता नको. मामंजींनी ऐकलं नाही. माग बंद आहेत तेवढ्यात होऊन जाईल, एवढंच म्हणाले. त्यांनी स्वतः बोल्ट सोडवले, गड्यांबरोबर माग भिंतीकडे सरकवले. फरशी उकरली. उंबऱ्याजवळ पाइप गटाराला लागूनच गेला होता. प्लंबरनं पाना लावला तर पाइप फिरलाच नाही, चुरा होऊन हातात आला. त्याच्या खालची माती काळी आणि ओली होती.

तिला अग्नी देऊन गावी गेलेले जावई तेराव्याला आले. दारात चर खणलेला, त्यावर टाकलेल्या फळीवरून त्यांना आत यावं लागलं. ते थांबले आणि चराकडे बघत राहिले. त्यांनी काही विचारलं नव्हतं, पण मामंजी समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ह्ये आधी कराया पायजे व्हतं. मी शेवटाला ठेवलं."

 जावई हळूच म्हणाले, "आमच्याकडं विहीर हाय, मामा."

ते जेवले नाहीत. पानावरून उठले असं नाही, पानावर बसलेच नाहीत. त्यानंतर ते आमच्याकडे कधी आले नाहीत आणि आमच्यातही कुणी त्यांच्याकडे जायचं धाडस केलं नाही.

नवी लाईन झाली, फरशी बसली, माग पुन्हा सुरू झाले. पाण्याला वास राहिला नाही. सासूबाई त्या पाण्यानं भांडी घासायच्या, कपडे धुवायच्या, पण प्यायच्या नाहीत. समोरच्या घरून एक कळशी आणून वेगळी ठेवायच्या. समोरच्यांची लाईन आमच्याहून जुनी होती. मी एकदा तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, असू दे.

दोन वर्षांनी मला दिवस गेले. तिसरा महिना लागला तेव्हा मामंजींनी मला बोलावलं. माग चालू होते, म्हणून ते मला घेऊन बाहेर ओट्यावर आले. खाली बघत म्हणाले, "सूनबाई, तू आईकडं जा. आत्ताच जा. हितं न्हाय ऱ्हायचं."

मी म्हटलं, मामंजी, आता पाणी चांगलं आहे.

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलंय असं दाखवायला हलवली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी ट्रंक स्वतः उचलून स्टँडवर नेली आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.