आढीतला एक आंबा

हापूसमध्ये साका झाला, म्हणजे आतला गर पांढरा पडून बिघडला, तरी वरून काही कळत नाही. म्हणून आई गवतात रचून पिकवलेल्या आढीतला एक आंबा कापून बघायची. तो चांगला निघाला की सगळी आढी पेट्यांत भरायची.

तिच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा सुईने धाग्याएवढा तुकडा काढून डीएनए तपासणीसाठी मुंबईला पाठवला. आजार चिवट करणाऱ्या ज्या दोषाची धास्ती होती, तो रिपोर्टात नव्हता. मी नाचतच घरी आले.

आई म्हणाली, "एवढ्याशा तुकड्यावरून सगळी गाठ कशी कळली गो त्यांना?"

"तो तुझा आंबा नाही, डीएनए आहे!" मी खेकसले. काय मिजास माझी!

ऑपरेशननंतर अख्खी गाठ तपासली. दोष होता. सुई गेली तिथे नव्हता, शेजारीच होता. "असं होतं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. त्यांच्यावर मी ओरडले. घरी येऊन आईला सांगितलं.

तिने ऐकून घेतलं आणि आढीपाशी जाऊन बसली. त्या दिवशी तिने एकही आंबा कापला नाही. पेट्या तशाच भरल्या.