ॲडम लेडलॉची नवी कवळी

कॉर्सलॉच्या डोंगरावर कुंपण नाही. आईनं दाखवलेली हद्द मेंढी जन्मभर सोडत नाही. ॲडम लेडलॉ मेंढपाळही चाळीस वर्षांत आपली हद्द सोडून एकदाच गेला. पुढचे दात काढून कवळी बसवायला, आणि तेही मेंढ्यांची लोकर कातरणी आठवड्यावर आलेली असताना! त्याची शीळ त्या दातांच्या फटीतूनच यायची, आणि त्याची कुत्री नेल त्या शिळेशिवाय कशालाच हलत नसे.

कातरणीच्या सकाळी शेजारी कातऱ्या घेऊन मेंढवाड्यात उभे होते. मालकाचा कारभारीही आलेला. त्यानं आधीच बजावलं होतं, "लेडलॉ, वय झालं तुमचं. या वेळी कळप उतरला नाही, तर डोंगर शेजारच्या टेल्फरकडे."

वर डोंगरावर दरोडेखोरांच्या काळात पहाऱ्यासाठी रचलेली दगडांची रास आहे, तिच्यापाशी उभं राहून ॲडमनं शीळ घातली.

"फ्स्वीऽऽ."

नेल बसून राहिली. त्यानं पुन्हा घातली. दलदलीतून एका कुरल पाखरानं ओ दिली.

"जमलं की रे!" खालून टेल्फर ओरडला. "आता पाखरं हाक, पाखरं!"

ॲडमनं कवळी काढून खिशात टाकली. मग नुसताच वारा निघाला. हेदरच्या झुडपांतून रानकोंबडा 'जा मागं, जा मागं' करत उडाला.

तेवढ्यात त्याची बायको इसोबेल चहाची किटली घेऊन वर आली. तिनं नेलकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, किटली दगडावर ठेवली आणि दोन बोटं तोंडात घातली. थेट ॲडमची शीळ, शेवटी घसरणारी! नेल सुटली. काळ्या चिखलाला वळसा घालून डावीकडून पार माथ्यावर.

"कधी शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? एकतीस वर्षं तू चहासुद्धा याच शिळेनं मागतोयस."

"शेवट जरा चढा गेला."

"हो का? मग घाल तू."

ॲडमनं किटली उचलली. दीड तासात तीनशे बारा मेंढ्या मेंढवाड्यात आल्या.

"कुणी उतरवल्या?" कारभाऱ्यानं विचारलं.

"मी," ॲडम बोळक्या तोंडानं म्हणाला. "कुत्री माझी, बायको माझी."

"आणि दात?" इसोबेल म्हणाली.

कारभारी हसला नाही. टेल्फरकडे वळून एवढंच म्हणाला, "डोंगराचं राहू दे, तू कात्री चालव."

तेव्हापासून कळप उतरवायला दोघं जातात. किटली ॲडमच्या हातात असते.